ब्राह्मी घ्यावी की लायन्स मेन? स्मरणशक्तीसाठीच्या अर्कांबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. वय 46, दिवसभर संगणकासमोर काम. वर्षभरापासून ओळखीच्या माणसांची नावं आठवत नाहीत, मीटिंगमध्ये बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. भावाने अमेरिकेहून लायन्स मेन मशरूमच्या कॅप्सूल आणल्या आहेत, घरात ब्राह्मीच्या गोळ्यांची बाटली आधीपासून आहे. दोन्हींपैकी कोणतं चांगलं, दोन्ही एकत्र घेतलं तर चालेल का, आणि 72 वर्षांच्या सासूबाईंना व बारावीतल्या मुलाला देता येईल का?

आधी थेट उत्तर देते. तुमच्या तक्रारीसाठी या दोघांतलं एकच निवडायचं असेल तर ब्राह्मी निवडा. वनस्पती योग्य हवी, अर्क प्रमाणित हवा (म्हणजे मुख्य घटकाचं प्रमाण ठरलेला), आणि घ्यायचा तर किमान 12 आठवडे, जेवणासोबत. लायन्स मेन आशादायक आहे, पण तुमच्या वयाच्या निरोगी माणसात त्याने स्मरणशक्ती सुधारते असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. सासूबाईंना यातलं काहीही परस्पर देऊ नका. मुलाला दोन्हीही नको. आणि बाटलीचं झाकण उघडण्याआधी तुम्ही स्वतः एक रक्ततपासणी करून या.

मी द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातलं औषधी द्रव्यांचं शास्त्र, शिकवते, रुग्ण पाहते आणि अर्कांचे प्रयोगशाळेतले अहवालही बरीच वर्षं वाचत आले आहे. तरीही पहिला मुद्दा रक्ततपासणीचाच घेते, कारण आपल्याकडे ‘विसरायला होतं’ या तक्रारीमागे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता फार वेळा असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांचं बी-12 कमी होतं, आणि हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते शहरी मध्यमवर्गात. शाकाहारी घर असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली जात असेल तर शक्यता आणखी वाढते. बी-12 कमी असताना कोणी कितीही महागडा अर्क घेतला तरी कमतरता भरून निघणार नाही. मशरूम खाऊनही ती भरून निघत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तसं समजणारे बरेच भेटतात.

बी-12 सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) आणि साखर तपासा. शेहेचाळिसाव्या वर्षी पाळी अनियमित होऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रजोनिवृत्तीच्या आसपास शब्द न सापडणं, लक्ष भरकटणं हे अनेक स्त्रियांना होतं. झोप मोडल्याने ते वाढतं आणि बहुतेकींमध्ये पुढे सावरतंही. पाळीत रक्त जास्त जात असेल तर लोह कमी झालेलं असतं, आणि लोह कमी असलं की एकाग्रता टिकत नाही. यातलं काही सापडलं तर आधी त्यावर उपचार करा. अर्क तीन महिन्यांनी घेतला तरी काही बिघडत नाही.

सगळे अहवाल व्यवस्थित आले असं धरून पुढे जाऊ.

ब्राह्मीवरच्या मानवी चाचण्या मला महत्त्वाच्या वाटतात. त्यांचे आकडे छोटे आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या साधारण एकाच दिशेला बोट दाखवतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ब्राह्मीचा एक प्रमाणित अर्क विकसित केला. त्या अर्कावर ऑस्ट्रेलियात 2001 साली 46 निरोगी लोकांमध्ये चाचणी झाली. रोज 300 मिलिग्रॅम. पाचव्या आठवड्यात विशेष काही दिसलं नाही. माहिती ग्रहण करण्याचा वेग आणि नवीन गोष्ट शिकणं यांत फरक दिसला तो बाराव्या आठवड्यात. पुढच्याच वर्षी, तिथेच, 40 ते 65 वयाच्या 76 जणांवर दुसरी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते: ब्राह्मीने शिकण्याचा वेग वाढला नाही, शिकलेलं विसरण्याचा वेग कमी झाला. तुमचं वय याच गटातलं आहे. 2008 साली अमेरिकेत 65 च्या पुढच्या 54 लोकांमध्ये 300 मिलिग्रॅम 12 आठवडे दिल्यावर ऐकलेले शब्द काही वेळाने आठवण्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सुधारणा आढळली.

ही सुधारणा किती मोठी? 2014 साली नऊ चाचण्यांमधल्या 518 लोकांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. लक्ष देण्याचा वेग सुधारतो असं त्यातून दिसलं, पण दोन पर्यायांतून एक निवडण्याच्या कसोटीत मिळालेला फायदा साधारण 10 मिलिसेकंदांचा होता. हा फरक यंत्र मोजतं, माणसाला तो क्षणोक्षणी जाणवत नाही. म्हणून ‘मेंदूची शक्ती दुप्पट’ असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं तर ती बाटली परत ठेवा. तीन महिन्यांत शब्द थोडे कमी हरवले, वाचलेलं थोडं जास्त टिकलं, इतकीच अपेक्षा ब्राह्मीकडून ठेवावी. मला ती अपेक्षा रास्त वाटते.

परिणामाला इतका वेळ का लागतो, याचा थोडा अंदाज प्राण्यांवरच्या प्रयोगांतून येतो. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये उंदरांना ब्राह्मीचा अर्क देऊन त्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. चार ते सहा आठवडे अर्क दिल्यावर पेशींच्या शाखा जास्त पसरलेल्या दिसल्या. असे बदल एका दिवसात होत नाहीत. निरोगी लोकांना ब्राह्मीचा एकच डोस देऊन दोन तासांनी परीक्षा घेतली तेव्हा काहीच फरक पडला नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ब्राह्मी देणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यावं.

आता तुमच्या घरातल्या बाटलीकडे वळू, कारण खरी गडबड इथे आहे. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. नर्सरीत आणि परसात जी गोल, मूत्रपिंडासारख्या आकाराच्या, कडेला दाते असलेल्या पानांची वेल ब्राह्मी म्हणून देतात, ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते, म्हणजे सेंटेला एशियाटिका. वर सांगितलेल्या चाचण्या झाल्या त्या बकोपा मोनिएरीवर. तिची पानं लहान, जाडसर, लांबट असतात, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी, आणि ती भातखाचरांच्या कडेला, ओहोळाच्या चिखलात पसरते. तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी असंही म्हणतात. मंडूकपर्णी वाईट नाही. चरकसंहितेत जी चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं दिली आहेत त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. बाकी तीन म्हणजे दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. पण तिची रासायनिक घडण निराळी आहे, आणि बकोपाच्या चाचणीचा निष्कर्ष तिला लावता येत नाही. म्हणून लेबलवर लॅटिन नाव वाचा. नुसतं ‘ब्राह्मी’ लिहिलेलं पुरेसं नाही.

लॅटिन नावानंतर बॅकोसाइडचा, म्हणजे ब्राह्मीतल्या मुख्य घटकांचा, आकडा येतो. बहुतेक बाटल्यांवर ‘50 टक्के बॅकोसाइड’ असं काहीतरी असतं. हा आकडा यूव्ही पद्धतीने (अर्क प्रकाश किती शोषतो त्यावरून) काढला आहे की एचपीएलसीने (घटक वेगवेगळे करून), हे कंपनीला विचाराच. यूव्ही पद्धतीत अर्कातले इतर घटकही बॅकोसाइड म्हणून मोजले जातात. जो अर्क यूव्हीने 50 टक्के दाखवतो तोच एचपीएलसीने तपासला तर 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण एका कंपनीचे ‘20 टक्के एचपीएलसी’ पाहून दुसरीचे ‘50 टक्के’ भारी समजून विकत घेणारे ग्राहक फसतात. ‘10 ला 1 अर्क’ या लिखाणातून तर फक्त किती किलो पाल्यापासून किती किलो अर्क केला एवढंच कळतं. पाल्यातच दम नसेल तर दहापट घट्ट करूनही काय मिळणार?

ब्राह्मीबाबत आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, यावर संशोधन झालं आहे, इतकी ती त्यात तरबेज आहे. गावाबाहेरच्या नाल्याकाठची ब्राह्मी उपटून तिचा रस काढणं म्हणूनच धोक्याचं आहे. विकतच्या अर्कासाठी त्या बॅचचा शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचा अहवाल मागा. चांगली कंपनी तो ई-मेलवर पाठवते. जी टाळाटाळ करते तिचा माल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्रास म्हणाल तर पोटाचा. मळमळ, पोटात कळ, शौचाला जास्त वेळा जाणं हे चाचण्यांमध्येही दिसलं. रिकाम्या पोटी घेतल्यावर ते जास्त होतं. जेवणासोबत, ताटात थोडं तूप असेल अशा वेळी घेतली की बहुतेकांना सोसते. ब्राह्मी घृताची परंपरा इथे आठवते. काहींना दुपारी जरा सुस्ती येते, त्यांनी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.

आता लायन्स मेन. पांढऱ्या, लोंबत्या काट्यांचं हे मशरूम, शास्त्रीय नाव हेरिशियम एरिनेशियस. चीन आणि जपानमध्ये ते अन्न म्हणून पूर्वीपासून खाल्लं जातं. आयुर्वेदाशी त्याचा संबंध नाही. भावप्रकाशात भूछत्रांचा उल्लेख संस्वेदज, म्हणजे दमट उष्णतेतून उगवणाऱ्या, शाकांमध्ये येतो, तोही पचायला जड आणि दोष वाढवणारी भाजी म्हणून. मेध्य द्रव्य म्हणून नाही. तेव्हा ‘प्राचीन आयुर्वेदिक मशरूम’ असं लिहिणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. आयुर्वेदात नाही म्हणून ते निरुपयोगी ठरतं असंही नाही. त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या पुराव्याने पाहावं.

या मशरूमचं आकर्षण जपानी रसायनशास्त्रज्ञ कावागिशी यांच्या कामातून सुरू झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने यातून हेरिसेनोन आणि एरिनेसिन हे दोन प्रकारचे घटक वेगळे केले. काचपात्रातल्या पेशींवर टाकल्यावर हे घटक चेतापेशींच्या वाढीला लागणारं एनजीएफ हे प्रथिन तयार करायला चालना देतात असं दिसलं. एनजीएफचा मोठा रेणू रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूतच ते तयार करायला लावणारा छोटा रेणू सापडला, तर ती खरोखर मोठी गोष्ट आहे. संशोधकांना याबद्दल उत्साह का वाटतो ते मला समजतं, मलाही तो वाटतो. पण पेशीत दिसलेली गोष्ट माणसाच्या आठवणीत उतरेपर्यंत मोठं अंतर असतं.

माणसांवरची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी चाचणी 2009 सालची, जपानमधली. 50 ते 80 वयाचे 30 लोक, सगळ्यांना सौम्य विस्मरण होतं. अर्ध्यांना रोज 3 ग्रॅम मशरूमची पूड गोळ्यांच्या रूपात 16 आठवडे दिली. त्यांचे गुण प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा वाढत गेले, आणि गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. संशोधक मशरूम पिकवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण तिसऱ्या कोणीतरी तो पुन्हा करून दाखवायला हवा हे मात्र खरं. 2019 साली जपानमध्येच आणखी एक छोटी चाचणी झाली. तीन कसोट्या वापरल्या, त्यांतल्या एकीत फरक दिसला. तरुणांमध्ये पाहायचं तर 2023 साली इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात 18 ते 45 वयाच्या 41 निरोगी लोकांना 1.8 ग्रॅम दिलं. पहिल्या डोसनंतर तासाभराने एका कसोटीत ते जरा जलद झाले, 28 दिवसांनी ताण कमी झाल्याचा कल दिसला, बाकी बहुतेक कसोट्यांत काही नाही. स्मरणशक्ती सुधारली असं त्यातून म्हणता येत नाही.

वर जपानमध्ये पूड दिली होती म्हटलं, त्यावर जरा थांबते. मशरूमच्या पेशीभित्तिका कायटिन या चिवट पदार्थाच्या असतात, त्या पचत नाहीत, म्हणून पूड वाया जाते आणि अर्कच घ्यावा, असं विक्रेते सांगतात. कायटिनची गोष्ट खरी आहे, शिजवल्याशिवाय मशरूम नीट पचत नाही हेही खरं. पण ज्या चाचणीच्या जोरावर अर्क विकला जातो, त्या चाचणीत अर्क नव्हताच. ताज्या मशरूममध्ये साधारण 90 टक्के पाणी असतं, तेव्हा 3 ग्रॅम सुकी पूड म्हणजे रोजचं 30 ग्रॅमच्या आसपास ताजं मशरूम. तेवढं तर भाजीतून खाता येतं.

तुमच्या भावाने आणलेल्या बाटलीचं काय? लेबलवर ‘मायसेलियम’ शब्द आहे का, ते आधी पाहा. आपण भाजीत खातो तो मशरूमचा वर आलेला भाग. मायसेलियम म्हणजे धान्यात किंवा भुशात पसरणारे त्याचे पांढरे तंतू. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उत्पादनांत हे तंतू तांदूळ किंवा ओट्सवर वाढवतात आणि धान्यासकट वाळवून दळतात. म्हणजे कॅप्सूलमध्ये मोठा भाग धान्याचा स्टार्च. तो ‘पॉलिसॅकराइड 40 टक्के’ या आकड्यात सहज लपतो, कारण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आणि स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. म्हणून मशरूमच्या लेबलवर बीटा-ग्लुकानचा, म्हणजे मशरूमच्या स्वतःच्या पॉलिसॅकराइडचा, आकडा शोधा, जमल्यास स्टार्चचाही. मायसेलियम मुळातच टाकाऊ असतं असं मी म्हणणार नाही, कारण एरिनेसिन त्यातच सापडतं. तैवानमध्ये सौम्य अल्झायमरच्या रुग्णांवर 49 आठवड्यांची जी छोटी चाचणी झाली, तिच्यात एरिनेसिन ए मोजून भरलेल्या मायसेलियमच्याच कॅप्सूल होत्या. पण ते मायसेलियम खास तयार केलेलं आणि मोजलेलं होतं. धान्यावर वाढवून दळलेल्या पुडीला तो निकाल चिकटवता येत नाही.

घरी एक साधी परीक्षा करता येते. कॅप्सूलमधली पूड गरम पाण्यात कालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि जखमेवर लावतो त्या आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. मिश्रण गडद निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च आहे. रंग बदलला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. भर म्हणून घातलेलं माल्टोडेक्स्ट्रिन या परीक्षेत बऱ्याचदा निसटतं.

मशरूमच्या बाजारात नावाप्रमाणे माल मिळेलच याची खात्री किती कमी आहे, याचं एक उदाहरण देते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशी मशरूमच्या 19 उत्पादनांची तपासणी 2017 साली प्रसिद्ध झाली. लेबलप्रमाणे खरी निघाली फक्त पाच. म्हणून पाच-सात मशरूम एकत्र केलेल्या कॅप्सूल मी कोणालाच सुचवत नाही. प्रत्येकाचा वाटा इतका लहान असतो की चाचणीतल्या डोसाच्या जवळपासही तो पोहोचत नाही. रेशीचा उपयोग स्मरणशक्तीसाठी सिद्ध झालेला नाही. कॉर्डिसेप्स, ज्याचा हिमालयातला भाऊबंद पिथोरागडकडे किडाजडी म्हणून गोळा करतात, तो दमसासासाठी आणि थकव्यासाठी चर्चेत असतो, आठवणीसाठी नाही. चागा या मशरूममध्ये ऑक्झलेट खूप असतं आणि ते रोज जास्त घेऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

तुम्ही विचारलं नाही, तरी दुकानदार हमखास पुढे करेल म्हणून अश्वगंधेबद्दल सांगते. तिचं मुख्य काम ताण आणि झोप यांवर आहे. 2017 साली सौम्य विस्मरण असलेल्या 50 लोकांमध्ये मुळाचा 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिल्यावर स्मरणाच्या कसोट्यांत सुधारणा दिसली होती. तुमची विस्मृती झोप न लागण्यातून आणि कामाच्या ताणातून येत असेल तर अश्वगंधा ब्राह्मीपेक्षा सरस ठरू शकते. पण ती थायरॉइड संप्रेरकं वाढवू शकते आणि क्वचित यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. घेतली तर मुळाचाच अर्क घ्या. पानं वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना दिली होती.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय की त्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि हृदयाच्या त्रासासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. हे दोन्ही वाचून मी त्यांना कुठलाही अर्क सुरू करू देणार नाही. तोच तोच प्रश्न विचारणं, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळणं, पैशाचा हिशेब न जमणं ही तपासणी मागणारी लक्षणं आहेत. न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. बी-12, थायरॉइड, ऐकू कमी येणं, नैराश्य, झोपेच्या किंवा लघवी रोखण्याच्या गोळ्या यांमुळेही अशी विस्मृती येते, आणि त्यातलं बरंच दुरुस्त होणारं असतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या.

त्या वयात लोक गिंकोकडे, म्हणजे गिंको झाडाच्या पानांच्या अर्काकडे, वळतात म्हणून सांगते: अमेरिकेत 75 आणि त्यापुढच्या 3069 लोकांपैकी साधारण निम्म्यांना गिंकोचा 120 मिलिग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना प्लासिबो दिवसातून दोनदा, सरासरी सहा वर्षं दिला गेला. 2008 साली निकाल आला. डिमेन्शिया टाळण्यात प्लासिबोपेक्षा काहीही फायदा नव्हता. वनस्पतींच्या अर्कांवर इतकी मोठी आणि इतकी लांब चाचणी क्वचितच झाली असेल. वर रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रेशीबद्दलही तीच काळजी घ्यावी लागते. डॉक्टरांनी पुढे डोनेपेझिल हे विस्मरणावरचं औषध लिहून दिलं तर त्यासोबत ब्राह्मीही नको, कारण दोन्हींचं काम काही अंशी एकाच दिशेचं आहे आणि नाडी मंदावू शकते.

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य ऐकलं की मला मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट आठवते. तिथे फेनिटॉइन या फिट्सच्या औषधावर स्थिर असलेल्या दोन रुग्णांना फिट्स पुन्हा येऊ लागल्या. चौकशीत कळलं की दोघंही शंखपुष्पीचं तयार औषध घेत होते. मग उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा त्या औषधाने रक्तातलं फेनिटॉइन कमी होतं असं दिसलं. 1992 साली हे प्रसिद्ध झालं. फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या कोणत्याही माणसाला, विशेषतः मुलांना, शंखपुष्पीचं सिरप देण्याआधी ही माहिती आईवडिलांना असायलाच हवी, आणि अजूनही ती बहुतेकांना नसते याचं मला फार वाईट वाटतं.

मुलासाठी दोन वाक्यं पुरेत. बारावीच्या वर्षात नवीन गोळी सुरू करून पोट बिघडवण्यात अर्थ नाही. त्याची झोप सात-आठ तासांची करा, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासा, आणि सिरपऐवजी घरचं जेवण वेळेवर द्या.

मशरूम घरात आणायचंच असेल तर सगळ्यांसाठी भाजीत आणा. सिंगापूरमध्ये 60 वर्षांपुढच्या 663 लोकांच्या आहाराचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा मशरूम खाणाऱ्यांमध्ये सौम्य विस्मरणाचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मशरूममुळेच तसं झालं असं तो सिद्ध करत नाही. पण तिथे लोक साधी बाजारातली मशरूम खात होते, त्यांत धिंगरीही होती. आपल्याकडेही धिंगरी शेतकरी गव्हाच्या किंवा भाताच्या काडावर पिकवतात, ती परवडते, आणि तिच्यात एर्गोथायोनिन नावाचा उपयुक्त घटक चांगल्या प्रमाणात असतो. नीट शिजवून खा. रानातली अळंबी मात्र ओळखणाऱ्या माणसाशिवाय आणू नका.

दोन्ही एकत्र घ्यावं का? सुरुवातीला नको. एकत्र घेतल्याने धोका होतो असं दिसलेलं नाही, पण पोट बिघडलं किंवा अंगावर खाज आली तर कोणामुळे ते कळणार नाही, आणि फरक पडला तर श्रेय कोणाला द्यायचं तेही कळणार नाही. आधी ब्राह्मी. सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. घरातल्या कोणाला तरी पंधरा साध्या शब्दांची यादी वाचून दाखवायला सांगा, अर्ध्या तासाने किती आठवतात ते लिहा. यादी दर वेळी नवी हवी, वेळ शक्यतो तीच, आठवड्यातून एकदा. सोबत झोपेचे तास आणि दिवसभरात नाव किंवा शब्द अडल्याचे प्रसंग लिहा. सरावानेही गुण थोडे वाढतात, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या वाढीला फार महत्त्व देऊ नका. बारा आठवडे झाले की ब्राह्मी चार आठवडे बंद करा आणि वही चालूच ठेवा. गुण वाढून मग घसरले तर ती तुम्हाला उपयोगी पडत होती. काहीच हललं नाही तर दुसरी बाटली आणू नका. तेव्हा हवं असल्यास लायन्स मेनच्या कॅप्सूल आयोडीनच्या परीक्षेत उतरतात का ते पाहून, तशाच 16 आठवड्यांच्या वहीसकट सुरू करा. आणि सासूबाईंच्या तपासणीची वेळ याच आठवड्यात घ्या, ती तपासणी वहीसाठी लांबवू नका.